यंदाच्या तबकडीचा रंग

बुलढाणा, दि. २२ सप्टेंबर २०२४

प्रिय गोविंदराव,
स.न.वि.वि.

एप्रिलला अजून सहा महिने आहेत, पण 'काटा आणि तबकडी' ग्रुपवर आत्ताच दंगल सुरू झाली आहे. ओबेर्ला कंपनी येत्या एप्रिलला जिनिव्हाच्या प्रदर्शनात कोणतं घड्याळ काढणार, यावर काल एका दिवसात दोनशे अकरा मेसेज आले. पुण्याचा तो धवल म्हणतो, त्याचा मित्र दुबईच्या शोरूममध्ये आहे आणि त्यानं फोटो पाहिलाय. मागच्या वर्षीही याच मित्रानं फोटो पाहिला होता. अंदाज साफ आपटला तेव्हा धवलनं आपले जुने मेसेज गुपचूप खोडले आणि 'मी तर आधीच म्हणालो होतो' असं वर तोंड करून सांगितलं. बत्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला हे सहन होत नाही. म्हणून तर आपण दोघांनी ठरवलं की अंदाज कागदावर लिहायचा, पोस्टानं पाठवायचा आणि वर डाकखान्याचा शिक्का पाहिजे. शिक्क्याची तारीख कुणाच्या बापाला खोडता येत नाही. फोन करायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. फोनचा पुरावा राहत नाही. त्यापायी एका जिल्ह्यात राहून आपण दोन वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ते सोडा.

सबब माझा अंदाज. 'लाक' हे त्यांचं साधं स्टीलचं घड्याळ ३९ मिलीमीटरचं आहे, ते ३६ वर येणार आणि तारखेची खिडकी जाणार. यंदा त्या मॉडेलला सत्तर वर्षं होतात, आणि सत्तर वर्षांपूर्वीचं पहिलं घड्याळ ३६ चंच होतं, बिनतारखेचं. वर्धापनदिनी कंपन्या मागे वळून पाहतात, हा माझा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्दा. तबकडीसाठी वहिनींचा रंग कोणता? पहिल्या वर्षी ग्रुपवरच्या आठशे जाणकारांनी काळी तबकडी सांगितली आणि वहिनी म्हणाल्या, जवसाच्या फुलाची. आली ती नेमकी तसलीच फिकट निळी. मागच्या वर्षी त्यांनी विहिरीच्या खालच्या पायरीवरचं शेवाळ सांगितलं, आणि आली तपकिरी. म्हणजे एक बरोबर, एक चूक. यंदा निकाल लागायचा आहे.

त्यांनी पाठवलेल्या कुरडया पुरवून पुरवून खातो आहे. मेसच्या डब्याबरोबर मी स्वतः तळतो आणि निम्म्या जाळतो, हे त्यांना सांगू नका.

आपला,
मार्तंड


सुलतानपूर, ता. लोणार
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मार्तंडराव,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनच्या सोंगणी-कापणीत अडकलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. ३६ मिलीमीटर मला पटत नाही. माझ्या हातात लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एचएमटी आहे, ते तेवढंच असेल, आणि मला ते भारी आवडतं. पण आज ज्यांच्याकडे ओबेर्ला घ्यायची ऐपत आहे त्यांना ते दुरून दिसायला पाहिजे असतं. कंपनी त्यांचं ऐकणार, तुमचं-माझं नाही. मी ३९ वर ठाम आहे. खिडकी जाणार हे मात्र मान्य.

तुमचं पत्र रुखमाला वाचून दाखवलं. तिला वाचता येतं, पण तुमची पत्रं ती माझ्याकडूनच ऐकते. म्हणते, "तुम्ही वाचता तवा तो माणूस आपल्या वसरीत येऊन बसला असं वाटते." धवलचं ऐकून पोट धरून हसली. म्हणाली, "दुबईले काय इचारता? त्या कंपनीच्या मालकाच्या बायकोले इचारा म्हणा. तिच्याच पसंतीचं काढत असंल तो."

रंगासाठी माझा मोबाइल मागून घेतला, चष्मा लावून जुन्या घड्याळांचे सगळे फोटो पाहिले आणि मोबाइल परत दिला. "आत्ता नाही सांगत. मागल्या साली घाई केली म्हून चुकलं. दिवाळी होऊ द्या, तुरीले फूल येऊ द्या, मंग सांगतो." तेव्हा धीर धरा.

कुरडयांचं मी सांगितलं नाही, पण पत्र मोठ्यानं वाचत होतो, त्यामुळे तिनं ऐकलंच. तिचा निरोप असा: "तेलाचा धूर निघायच्या आत टाका म्हणा. अन् इतका शिकेल माणूस, तळाले बाई ठेवत नाही काऊन?"

आपला,
गोविंदा


बुलढाणा, दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोविंदराव,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली. तुरीला फूलही आलं असेल. पत्र का नाही? वहिनींना विचारा, साक्षीदार अजून किती तारखा घेणार?

इकडे ग्रुपवर नवीन अफवा आहे की ओबेर्ला यंदा पट्टा बदलणार. मला त्यात काही दम वाटत नाही. धवल म्हणतो तबकडी लाल. वहिनींना विचारा, लाल घड्याळ कुणी घालेल का?

दिवाळीत एक किलो चिवडा आणला होता, कुणी आलं-गेलं तर असावा म्हणून. पोस्टमन सोडला तर माझ्या दाराची कडी कुणी वाजवत नाही, हे मला दरवर्षी चिवडा आणल्यावर आठवतं. अजून तोच खातो आहे. तुमची पत्रं आली की दोन दिवस बरे जातात, हे आज लिहूनच टाकतो, कारण पत्र न आल्यानं मी जरा चिडलो आहे.

वहिनींना विचारा आणि लगेच कळवा.

आपला,
मार्तंड


सुलतानपूर
२५ नोव्हेंबर २०२४
(हे पत्र लिहिलं, पण टपालात टाकलं नाही.)

मार्तंडराव,

रुखमा गेली. नऊ तारखेला. सकाळी आम्ही दोघं तुरीत होतो. ती धुऱ्याजवळ, बांधावर उभी राहून फुलांकडे पाहत होती. "डोकं लय दुखून राह्यलं," म्हणाली आणि खाली बसली. जीप करून जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली, वाटेतच सगळं झालं होतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. लेक अश्विनी जाताना म्हणाली, "बाबा, एकटे काऊन राह्यता इथं? चाला माह्या संगं." मी म्हणालो, हरभरा पेरायचा आहे.

परवा तुमचं पत्र आलं. त्यात 'वहिनींना विचारा' असं तीनदा लिहिलं आहे. मी ते वसरीत बसून मोठ्यानं वाचलं, सवयीनं. वाचून झाल्यावर तिच्या उत्तराची वाट पाहिली आणि मग रडलो.

गावात आता तिचं नाव निघालं की सगळे 'होती' म्हणतात. चांगली होती, हसरी होती. अश्विनीसुद्धा तसंच म्हणते. ती 'आहे' असं समजणारे सगळ्या जगात तुम्ही एकटे उरलात. तुम्हाला कळवलं की तेही संपेल. मग तिला काही विचारा असं मला कोणी म्हणणार नाही.

रंग तिनं ठरवला होता की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.

गोविंदा


सुलतानपूर
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मार्तंडराव,
नमस्कार.

कामाच्या गडबडीत पत्र लिहायचं राहिलं, माफ करा. पट्ट्याची अफवा मलाही खोटी वाटते. लाल तबकडी कंपनी काढणार नाही. माझा अंदाज ३९ मिलीमीटर, बिनखिडकीचं. रंग नंतर कळवतो. इकडे सगळं ठीक.

आपला,
गोविंदा


बुलढाणा, दि. १० जानेवारी २०२५

प्रिय गोविंदराव,
स.न.वि.वि.

पेढे वाटा! ३९ मिलीमीटरचं राखाडी 'लाक' कंपनीच्या यादीतून गेलं. दोन तारखेला होतं, आज नाही. आठशे माणसांच्या ग्रुपवर एकाच्याही लक्षात आलं नाही. मी दर आठ दिवसांनी सकाळी चहा घेताना त्यांची यादी माझ्या वहीशी ताडून पाहतो, म्हणून मला दिसलं. गोविंदराव, गैरहजेरी वाचायला शिका. छापलेलं सगळेच वाचतात. काय गळालं ते पाहणारा माणूस लाखात एक. जुना माल यादीतून काढला, याचा अर्थ जागा रिकामी करून ठेवली आहे. ३६ येणार म्हणजे येणार.

तुमची पत्रं मात्र अलीकडे सरकारी परिपत्रकासारखी येतात. चार ओळी आणि सही. ना वहिनींचा टोमणा, ना माझ्या तळणाची चौकशी. मी समजलो. मागच्या वर्षी चुकल्यामुळे वहिनी घाबरल्या आहेत. त्यांना म्हणावं, मार्तंड म्हणतो, मैदान सोडून पळणं तुम्हाला शोभत नाही. आपल्या नियमाप्रमाणे जानेवारी संपायच्या आत शिक्का पडला पाहिजे.

थंडी फार आहे. दोन स्वेटर घालून लिहितो आहे. तुमच्याकडे वहिनी हुरड्याचा बेत करत असतील, तर त्याचं सविस्तर वर्णन पाठवा, मी वाचून पोट भरीन.

आपला,
मार्तंड


सुलतानपूर
२४ जानेवारी २०२५

आदरणीय मार्तंडराव,
नमस्कार.

यादीतलं तुम्ही बरोबर पकडलंत. तरी मी ३९ सोडत नाही.

रुखमाचा रंग: निळा, गडद.

आपला,
गोविंदा


बुलढाणा, दि. ३ फेब्रुवारी २०२५

गोविंदराव,

पत्र मिळालं. अंदाज नोंदवून घेतला नाही. माझी हरकत आहे.

हा रंग वहिनींचा नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांचे सगळे रंग माझ्या वहीत तारीखवार लिहिलेले आहेत. त्या कधीही 'निळा' म्हणत नाहीत. जवसाच्या फुलाचा म्हणतात. माझ्या पट्ट्याचा रंग मी 'तांबडा' लिहिला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कोणता तांबडा, आंबाडीच्या देठाचा की ओल्या विटेचा? एकदा धवलच्या घड्याळाचा फोटो पाहून म्हणाल्या होत्या, हे तर लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं तसलं आहे. रंग सांगायचा म्हणजे तो कुठे पाहिला ते सांगायचं, असा त्यांचा खाक्या. 'निळा, गडद' हे शब्द कोणत्याही दुकानदाराचे असू शकतात. वहिनींचे नाहीत.

तुम्ही त्यांना विचारलंच नाही. परस्पर लिहून मोकळे झालात. घरात काही बोलाचाली झाली असेल तर तो तुमचा प्रश्न आहे, पण साक्षीदाराच्या नावानं दुसऱ्यानं जबाब द्यायचा, हे मी चालवून घेणार नाही. वसरीत बसा, माझं हे पत्र मोठ्यानं वाचा आणि त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून पाठवा.

मार्तंड


सुलतानपूर
१२ फेब्रुवारी २०२५

मार्तंडराव,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. वसरीत बसून पत्र मोठ्यानं वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं.

रुखमा नऊ नोव्हेंबरला गेली. डोक्यातली शीर फुटली. निळा रंग मी लिहिला. तुमच्याशी खोटं बोललो, त्याची माफी मागतो.

सांगणार होतो. नोव्हेंबरात पत्र लिहून ठेवलं होतं, ते अजून कपाटात आहे. पाठवलं नाही, कारण तुम्ही तिच्याविषयी लिहायचात आणि ते वाचताना मला ती चुलीजवळ आहे असं वाटायचं. तुमचं पत्र आलं की अर्धा दिवस तसा जायचा. मी स्वार्थी झालो. तुम्ही तिला पळपुटी म्हणालात तेव्हा राग यायला पाहिजे होता, पण मला बरं वाटलं. कुणीतरी अजून तिची थट्टा करत होतं.

मग तिच्या नावानं रंग लिहायला बसलो. पस्तीस वर्षं तिच्याबरोबर शेतात हिंडलो, मार्तंडराव, पण मला एक रंग सांगता आला नाही. ती दाखवायची, मी 'हो' म्हणायचो. निळा लिहिला. तुम्ही तिला एकदाही न पाहता ओळखलंत की हा तिचा नाही. हे वाचलं आणि मला वाटलं, आता या माणसापासून लपवणं पाप आहे.

आता तुम्ही पत्रं थांबवलीत तरी मी समजून घेईन.

गोविंदा


बुलढाणा, दि. २० फेब्रुवारी २०२५

प्रिय गोविंदराव,

फोन लावला होता. दोनदा. तुम्ही उचलायच्या आत कापला, कारण मला बोलता आलं नसतं.

यादीतून एक घड्याळ गेलं, ते मला आठ दिवसांत कळलं. आणि त्याची फुशारकी मारून मी तुम्हाला गैरहजेरी वाचायला शिकवली. तुमच्या पत्रांतून वहिनींचं बोलणं गेलं, निरोप गेला, कुरडया गेल्या, आणि ते मी मोजूनसुद्धा दाखवलं. त्याचा अर्थ मात्र लावला की त्या घाबरल्या! बत्तीस वर्षं मी लोकांचे जबाब वाचले, गोविंदराव. मला माझीच लाज वाटते.

तुम्ही माफी मागू नका. मीही एक सांगतो. माझं लग्न झालं नाही. घरात कुणी बाईमाणूस कधी नव्हतं. 'तेलाचा धूर निघायच्या आत टाका' असं मला सबंध आयुष्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. ज्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी रडायचा मला किती हक्क आहे, मला माहीत नाही. पण रडलो.

पत्रं थांबणार नाहीत. मार्चच्या पहिल्या रविवारी मी येतो आहे. एसटीनं मेहकरपर्यंत, पुढे मिळेल त्या गाडीनं. स्वयंपाकाची खटपट करू नका, मी डबा आणतो.

मार्तंड


सुलतानपूर
९ एप्रिल २०२५

प्रिय मार्तंडराव,
नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला महिना झाला. मला वाटलं होतं, भेटलो की पुष्कळ बोलू. तुम्ही फोटोसमोर चपला काढून उभे राहिलात, बराच वेळ. तिला तुम्ही पहिल्यांदा पाहिलं ते हारातच. नंतर आपण दोघं वसरीत बसलो आणि दिवसभर घड्याळांविषयीच बोललो. एसटी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिच्याविषयी आपण काहीच बोललो नाही. तरी तुम्ही आलात, बरं वाटलं. अश्विनीला मी कळवलं की सध्या तरी येत नाही.

तर निकाल. तुम्ही जिंकलात. ३६ मिलीमीटर, बिनखिडकीचं. धवलनं कधीच 'मी म्हणालो होतो' लिहून टाकलं आहे.

रंगाचं मात्र ग्रुपवर आठ दिवस भांडण चाललं आहे. कंपनीनं त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक नाव दिलंय. कुणी राखाडी म्हणतं, कुणी जांभळा, कुणी मातकट. मी फोटो मोठा करून मोबाइल हातात घेतला आणि शेतात गेलो. एप्रिलचं शेत, तुम्हाला माहीत आहे, काही उभं नाही. ढेकळाजवळ धरला, बाभळीच्या सालीजवळ धरला. घरी येऊन कांद्याजवळ, तिच्या लुगड्यांजवळ धरला. सगळ्याच्या जवळ जातो, पण कशाचाच नाही. ती असती तर एका नजरेत म्हणाली असती.

तुमच्या वहीत तिचे सगळे रंग आहेत. तुम्ही तिला ओळखता. तुम्हीच सांगा, ती काय म्हणाली असती?

आपला,
गोविंदा


बुलढाणा, दि. १६ एप्रिल २०२५

प्रिय गोविंदराव,

जिंकल्याचं मला तुमच्या पत्रातून कळलं. ग्रुप मी महिनाभर उघडला नव्हता. उघडला तर तुम्ही माझं शिक्क्याचं पत्र तिथं टाकलेलं, आणि खाली लोकांची अभिनंदनं साचलेली होती. ती वाचून झाली, आणि कुणाला सांगावं ते सुचेना.

तुमच्या प्रश्नावर दोन दिवस घालवले. वहीतले त्यांचे सगळे रंग पुन्हा वाचले, फोटो समोर ठेवला. पहिल्या दिवशी लिहिलं, 'भिजलेल्या गोणपाटाचा'. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'वाळत आलेल्या जांभळाच्या सालीचा'. दोन्ही खोडलं. ऐकायला वहिनींसारखं वाटतं, पण ते माझं आहे. त्यांच्या नावानं मी तुमच्यावर हरकत घेतली होती, आता त्यांच्या नावानं मीच जबाब देऊ शकत नाही.

उत्तर असं की मला माहीत नाही. वहीत तारीख घातली आहे आणि पुढची जागा कोरी ठेवली आहे. वहिनींशिवाय आलेला हा पहिला रंग आहे, गोविंदराव, आणि यापुढचे सगळे तसेच येणार.

तुमचा,
मार्तंड